दुपारचा चोर

सोमवार, ३ मार्च

प्रयोगशाळेत आमचा एक नियम आहे. यंत्रात काहीही बदल केला की तारीख घालून लिहून ठेवायचं: काय बदललं आणि का बदललं. म्हणजे उद्या काही बिघडलं तर कुठपर्यंत मागे जायचं ते कळतं. आई गेल्यापासून घरात इतकं बदललं आहे आणि कुणी काहीच लिहून ठेवलेलं नाही. म्हणून आजपासून मी लिहितो आहे. मला लिहायची सवय नाही.

आज विभागप्रमुख मॅडमनी बोलावलं होतं. मागच्या सत्राची प्रात्यक्षिक परीक्षा माझी बुडाली, कारण तेव्हा मी रुग्णालयात आईच्या खाटेशेजारी होतो. मॅडम म्हणाल्या, "नियमात एकच फट आहे. नेटवर्किंगची ती बाहेरची सर्टिफिकेशन परीक्षा असते ना, नोकरी देताना कंपन्या जी मागतात, ती या सत्रात पास झालास तर प्रात्यक्षिकाच्या जागी धरता येते."

"आणि नाही झालो तर?"

"नाही झालास तर वर्ष गेलं. पहिल्यांदा हुकली तर मध्ये काही दिवस थांबावं लागतं, मग सत्र संपायच्या आत जेमतेम एक संधी उरते. तिच्यावर विसंबू नकोस."

मी "हो मॅडम" म्हटलं. मी बहुतेक सगळ्यांना हो म्हणतो. परीक्षा याच महिन्याच्या सत्तावीस तारखेला घेतली आहे.

घरी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं." मी थोडा वेळ थांबलो. मग तेही थांबले आहेत असं वाटलं, म्हणून मी खोलीत गेलो.

आमच्या घरात बोलणारी एकच होती. आम्ही दोघं श्रोते. आता वक्ताच उठून गेला आहे आणि श्रोते समोरासमोर बसून राहिलेत.

बुधवार, ५ मार्च

विद्यापीठाचा अभ्यास आणि सर्टिफिकेशनचा अभ्यास एकाच विषयाचे असूनही सख्खे वाटत नाहीत, सावत्र वाटतात. विद्यापीठ म्हणतं, "सविस्तर स्पष्ट करा." परीक्षा म्हणते, "आज्ञा टाइप करा, वेळ संपत आली आहे." मी स्पष्ट बऱ्यापैकी करतो. वेळ संपत आली की पाठ असलेली आज्ञाही चुकीची टाइप करतो.

माझा मित्र पिंग ही परीक्षा गेल्या वर्षीच पास झाला. पलीकडचं यंत्र जिवंत आहे का, हे बघायला जी हाक मारतात तिला पिंग म्हणतात. हा दिवसभर सगळ्यांना "आहेस का?" असा निरोप पाठवत असतो, म्हणून त्याचं नाव पिंग. त्यानं सल्ला दिला की पुस्तकात डोकं घालून बसू नकोस, घरचं नेटवर्क हीच प्रयोगशाळा समज.

म्हणून आज घरचा राउटर उघडून बसलो. घरातल्या प्रत्येक यंत्राला नाव दिलं: माझा लॅपटॉप, माझा फोन, बाबांचा फोन, टीव्ही. शिवाय एक छोटा प्रोग्रॅम टाकला. अनोळखी यंत्र आपल्या वायफायला जोडलं गेलं की माझ्या फोनवर सूचना येते. घरात दोनच माणसं, त्यामुळे सूचना येण्याचा प्रश्न नाही. पण सराव झाला.

बाबा दारात उभे राहून बघत होते. "काय करतोयस?" म्हणाले. मी म्हटलं, "सगळ्यांना नावं देतोय." ते जरा वेळ उभे राहिले आणि गेले. त्यांना बहुधा माझं काम म्हणजे रिकामपणाचे उद्योग वाटतात.

शुक्रवार, ७ मार्च

सूचना आली! दुपारी, मी कॉलेजात असताना. "अनोळखी यंत्र जोडले गेले." थोड्या वेळानं गेलंसुद्धा.

हल्लीचे फोन आपला खरा पत्ता लपवून बनावट पत्ता दाखवतात, त्यामुळे कुठल्या कंपनीचं, कसलं यंत्र, काहीच कळत नाही. पिंगला सांगितलं. तो म्हणाला, "शेजारी असणार. फुकटचं नेट आणि फुकटचा सल्ला कुणी सोडत नाही."

घरी आल्यावर बाबांना विचारलं, "दुपारी कुणी आलं होतं का?"

"नाही." मग म्हणाले, "का?"

"काही नाही, असंच."

मंगळवार, ११ मार्च

शनिवार-रविवार मी घरी होतो, तेव्हा तो आला नाही. काल आला, आज आला. दुपारीच. म्हणजे मी घरातून गेलो की येतो. त्याला माझ्या जाण्यायेण्याची वेळ माहीत आहे.

सुरक्षेचा धडा कालच वाचला. त्यात लिहिलं आहे की आत शिरलेला माणूस बरेचदा काही चोरत नाही, नुसता बसून ऐकत असतो. आमच्या घरात ऐकण्यासारखं काय आहे? पण मनातून जात नाही. आज सराव परीक्षेत चाळीस टक्के पडले, कारण प्रश्न वाचताना मी फोनकडे बघत होतो.

समोरच्या घरात जिमवाला राहतो. जिन्यात भेटला तेव्हा मी आडून विचारलं, "तुमचं नेट नीट चालतं का हो?"

"एकदम. का रे, तुझं बंद आहे? माझा पासवर्ड घे. परीक्षा आहे ना तुझी? तुझे बाबा म्हणत होते."

"बाबा?"

"हो, परवा भेटले ना. म्हणाले, पोरगा फार खपतोय, जिन्यात मोठ्यानं गाणी लावू नका. मी म्हटलं, काका, आजपासून मी मुका."

तो चोर नाही. किंवा फार पोचलेला चोर आहे.

बुधवार, १२ मार्च

निर्णय घेतला. पासवर्ड बदलला. लांबलचक, आकडे-चिन्हं असलेला, कुणाच्या बापाला ओळखता येणार नाही असा. माझी यंत्रं जोडली, बाबांच्या फोनमध्येही टाकून दिला.

जेवताना बाबांनी विचारलं, "पासवर्ड बदललास?"

"हो. कुणीतरी बाहेरचं आपलं नेट वापरतंय."

बाबांचा घास हातातच राहिला. "बाहेरचं?"

"रोज दुपारी येतो. तुम्ही काळजी करू नका, आता नाही येता येणार त्याला."

त्यांनी घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "मला तो पासवर्ड कागदावर लिहून दे."

"तुमच्या फोनमध्ये घातलाय की. लागणारच नाही तुम्हाला."

"असू दे. लिहून दे."

"बाबा, पासवर्ड कधीच लिहायचा नसतो. पहिला नियम आहे तो."

"बरं," म्हणाले आणि उठले. ताटात निम्मं तसंच होतं. मला वाटतं ते भिडेखातर कुणा शेजाऱ्याला पासवर्ड देऊन बसले असतील, आणि आता सांगायची लाज वाटत असेल. ते तसेच आहेत. त्यांना नाही म्हणता येत नाही. मीही त्यांच्यावरच गेलो आहे.

शुक्रवार, १४ मार्च

चोर बंद. दोन दिवस एकही सूचना नाही. मला बरं वाटायला हवं होतं.

आज निरोप कसा पोचतो तो धडा केला. दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत पाठवणारा पोच येईपर्यंत थांबतो आणि नाही आली तर तोच निरोप पुन्हा पाठवतो, पुन्हा पाठवतो. दुसऱ्या पद्धतीत पाठवायचं आणि पुढे जायचं, मिळालं की नाही ते विचारायचंच नाही. मला वाटलं, ही दुसरी पद्धत कोण वापरत असेल? पण फोनवर बोलतो तेव्हा आवाज बहुतेक असाच जातो. थांबून राहिलं तर बोलणंच होणार नाही.

बाबा काल आणि आज फारच गप्प आहेत. म्हणजे नेहमी असतात तितकेच, पण आधी गप्प असताना ते काहीतरी करत असायचे. वर्तमानपत्र, कुंड्या, इस्त्री. आता नुसते बसतात. संध्याकाळी मी आलो तर दिवासुद्धा लावला नव्हता. आईच्या कपाटाची किल्ली त्यांच्या हातात होती. ते कपाट ते मला आवरू देत नाहीत. तिचा चष्मा, शाल, फोन, औषधं सगळं जसंच्या तसं आहे. औषधं तरी टाकून द्यायला हवीत. मी म्हटलं होतं एकदा. "बघू," म्हणाले.

सोमवार, १७ मार्च

बाबा दुपारचे बाहेर जाऊ लागले आहेत! मी आलो तेव्हा नुकतेच परत आले होते, पायात चप्पल तशीच. "फिरून आलो," म्हणाले. डॉक्टर केव्हाचे सांगत होते की घरात बसू नका. सगळं एकदम वाईटच चाललंय असं नाही.

अभ्यास मात्र पुढे सरकत नाही. वाचतो, कळतं, पान उलटलं की पाटी कोरी. आई असती तर तिनं माझी तोंडी घेतली असती. तिला यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण पुस्तक हातात धरून उत्तर बरोबर आहे का ते अक्षर लावून बघायची आणि चुकलं की "चूक! उभा राहा!" असं ओरडायची. रुग्णालयातसुद्धा एकदा घेतली होती. परिचारिका म्हणाली, आजी, जरा हळू. आई म्हणाली, आजी कुणाला म्हणतेस गं.

आज एवढंच.

बुधवार, १९ मार्च

मावशीचा फोन. ही आईची धाकटी बहीण, बसनं दोन थांब्यांवर राहते. बाबांचं आणि तिचं कधी जमलं नाही. आई असताना बाबा तिच्याकडे वर्षातून एकदा जायचे, तेही पाहुणचार होण्याआधी घड्याळ बघायचे.

"काय रे, तुझे बाबा बरे आहेत ना?"

"का?"

"का म्हणजे? रोज दुपारी येतायत माझ्याकडे. अख्ख्या जन्मात आले नसतील इतक्यांदा आठवड्यात आले. चहा घेतात, 'छान झालाय' म्हणतात, आणि गॅलरीत जाऊन दार लावून घेतात. पहिल्या दिवशी तर आल्या आल्या वायफायचा पासवर्ड मागितला. मी म्हटलं, भावोजी, मुलगा एवढा कंप्युटरवाला, आणि तुमच्या घरी नेट नाही?"

"मग?"

"तर म्हणाले, पोराची परीक्षा आहे, घरात बोलून त्याला त्रास नको. मी म्हटलं, तुम्ही? बोलून? त्रास?" मावशी हसली, मग म्हणाली, "सोन्या, त्यांना रागावू नकोस हं."

मी रागावलो नाही. पण मला वाईट वाटलं. माझ्या अभ्यासापायी स्वतःच्या घरात त्यांना फोनवर बोलता येत नाही, असं त्यांना वाटतं. मी कधी म्हटलं तसं? आणि ते बोलतात तरी कुणाशी? त्यांच्या जुन्या ऑफिसातलं कुणी असेल.

रात्री जेवताना म्हटलं, "बाबा, तुम्ही घरात बोललात तरी मला चालतं."

"हो," बाबा म्हणाले. "चालेल ना. बोलू."

आणि आम्ही जेवलो.

शुक्रवार, २१ मार्च

परीक्षा तोंडावर आली आहे आणि माझ्या डोक्यात पुन्हा तोच चोर. पासवर्ड बदलून मी त्याला बाहेर काढलं, पण तो कोण होता हे कळलंच नाही. उद्या दुसऱ्या वाटेनं आला तर? पिंग म्हणतो, "तू परीक्षेला घाबरतोयस आणि नाव चोराचं घेतोयस." असेल. पण मग चोर पकडला तर घाबरणं संपेल, असं माझं म्हणणं.

धड्यात एक युक्ती दिली आहे. चोराला हवं तेच दार उघडं ठेवायचं आणि आपण पाळत ठेवायची. प्रयोगशाळेतून एक जादा राउटर सही करून आणला. आमच्या खऱ्या नेटवर्कचं नाव बदललं आणि या राउटरला जुनं नाव, जुना पासवर्ड दिला. ज्या यंत्रात जुना पासवर्ड अजून साठवलेला असेल ते सुरू झालं की आपोआप इथं येऊन जोडलं जाईल. त्याच्या मालकाला काही करावंही लागणार नाही. मुंगळा गुळाला येतो तसं.

बाबांना सांगितलं नाही. त्यांनी भिडेखातर कुणाला दिला असेल तर ते त्याला सावध करतील.

सोमवार, २४ मार्च

आला. दुपारी, मी वर्गात होतो. दप्तर तसंच टाकून घरी पळणार होतो, पण प्रात्यक्षिकाचा तास होता, मॅडम समोर उभ्या होत्या. उद्या तास बुडवून घरी थांबणार. बाबांना मात्र नेहमीसारखा जातो म्हणून सांगणार.

मंगळवार, २५ मार्च

हे नीट लिहायला हवं. जमेल तसं लिहितो.

सकाळी निघालो, चौकात फिरलो, बाबा अंघोळीला जातात त्या वेळी हळूच परत येऊन माझ्या खोलीत बसलो. स्वतःच्या घरात चोरासारखा. दुपारी फोन थरथरला. आला.

राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्राचा सिग्नल किती जोरात आहे ते दिसतं. समोरच्या घरातून येणारा सिग्नल दोन भिंती ओलांडून येतो, मरगळलेला असतो. हा खणखणीत होता. म्हणजे यंत्र आमच्याच घरात. कुणी घरात काहीतरी लपवून ठेवलंय असंच वाटलं.

राउटरची तार लांब होती. मी तो एका हातात आणि लॅपटॉप दुसऱ्या हातात घेऊन अनवाणी निघालो. स्वयंपाकघराकडे गेलो तर आकडा पडला. बैठकीच्या खोलीत चढला. आईबाबांच्या खोलीच्या बंद दाराशी गेलो तेव्हा इतका चढला की त्याच्या वर जायला जागा उरली नाही.

आतून बाबांचा आवाज येत होता. मला वाटलं, फोनवर आहेत. मग वाटलं, फोनवर असते तर मध्ये थांबले असते.

"...तर असं आहे. परवा आहे त्याची परीक्षा. मला विषय काही कळत नाही. तू नुसतं पुस्तक धरून तरी बसायचीस, मला तेही सुचत नाही. त्याला वाटतं मी त्याच्यावर नाराज आहे. मी नाराज नाही गं. मला काय बोलावं ते कळत नाही. बोलायचं खातं तुझ्याकडे होतं. आज पुन्हा इथं लागलं नेट, कसं काय ते माहीत नाही. कालपासून लागतंय. बरं झालं, तुझ्या बहिणीचा चहा प्यावा लागला नाही. तुला म्हणून सांगतो, तिला सांगू नकोस, साखर फार घालते. बरं. पाठवतो."

मग क्षणभर काही नाही. मग आतून टिंग असा आवाज आला. आईच्या फोनचा. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

"पोचलं," बाबा म्हणाले.

मी तसाच उभा होतो. हातात राउटर होता आणि त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते.

मग कळलं. ते आपल्या फोनवरून आईच्या नंबरवर आवाजी निरोप पाठवतात, आणि तो पोचावा म्हणून तिचा फोन कपाटातून काढून सुरू करतात. तिच्या सिमचा रिचार्ज केव्हाच संपला. तो फोन फक्त घरच्या वायफायवर चालतो. तेही मी बंद केलं होतं, म्हणून बाबा तिचा फोन घेऊन मावशीच्या गॅलरीत जात होते. आईला बाहेर काढण्यासाठी मी लांबलचक पासवर्ड केला, आकडे आणि चिन्हं घालून.

मी खोलीत परत गेलो. बाबा दुपारचे झोपल्यावर हळूच बाहेर पडलो आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळी बेल वाजवून आलो. "कसा गेला दिवस?" बाबांनी विचारलं. "ठीक," मी म्हटलं.

राउटर आहे तिथंच, सोफ्यामागे ठेवला आहे. जुनं नाव, जुना पासवर्ड. प्रयोगशाळेला सांगेन की अजून काही दिवस लागेल.

बुधवार, २६ मार्च

अभ्यासाला बसलो. काही झालं नाही. पिंगनं दोनदा विचारलं, "आहेस का?" मी कळवलं, "आहे."

गुरुवार, २७ मार्च

नापास.

थोडक्यात हुकली. निकाल तिथंच पडद्यावर येतो, चांगल्या मोठ्या अक्षरात. शेवटच्या भागात एक खोटं नेटवर्क देतात आणि ते दुरुस्त करायला सांगतात. मी दुरुस्त केलं. सगळं केलं. मला पक्कं आठवतंय की सगळी यंत्रं एकमेकांशी बोलायला लागली होती. पण यंत्राला "हे लक्षात ठेव" अशी वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती दिली नाही, तर बंद करून चालू केल्यावर ते पहिल्यासारखंच बिघडलेलं उठतं. ती आज्ञा मी दिली नाही, असं बाहेर येऊन जिना उतरताना आठवलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही यावरून हसतो.

परीक्षाकेंद्राच्या बाहेर बाकावर बसलो. मॅडमना कळवायचं होतं, मावशीला कळवायचं होतं. आधी बाबांना. त्यांचा नंबर काढला आणि बोटच चालेना. फोन केला तर ते "बरं" म्हणतील, मी "हो" म्हणेन, आणि संपलं. मग ते ताटात निम्मं ठेवतील.

मी आईच्या नंबरवर गेलो. शेवटचा निरोप तिचाच होता, रुग्णालयातून, "येताना कंगवा आण." मी बोलायचं बटण दाबलं.

काय बोललो ते सगळं लिहीत नाही. नापास झालो हे सांगितलं. कशामुळे ते सांगितलं. सत्र संपायच्या आत एकदाच बसता येईल आणि त्या वेळीही असंच होईल अशी भीती वाटते, हे सांगितलं. वर्ष गेलं तर नोकरी लांबेल, आणि तोवर दोघंजण घरात काय करणार आहोत ते मला माहीत नाही, असंही म्हणालो. मला पुस्तक धरून बसणारं कुणी नाही, म्हणालो. बाबा नाराज नाहीत हे मला माहीत आहे, हेही. पाठवलं.

निरोपाखाली एकच खूण उमटली. अर्थातच. तिचा फोन बंद होता.

बसलो. एक बस आली, गेली. मला घाबरल्यासारखं होत होतं, परीक्षेच्या आधी होत होतं त्याहून जास्त. माझ्या आवाजातलं ते सगळं असं मध्येच कुठंतरी थांबून राहिलं होतं आणि आता परत घेता येत नव्हतं. म्हणजे येतं, पुसायची सोय असते. मी दोनदा पुसायला गेलो आणि दोन्ही वेळा फोन खिशात ठेवला.

दुपार झाली. दुसरी खूण आली. मग बराच वेळ काही नाही. मग दोन्ही खुणा निळ्या झाल्या.

उत्तर आलं नाही. मी आणखी एक बस जाऊ दिली आणि मग घरी गेलो.

बाबा दारातच होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. म्हणाले, "स्वयंपाक केला नाही. बाहेर जाऊ."

"बरं."

जिना उतरताना ते पुढे होते. खालच्या पायरीवर थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "माझ्या नंबरवर पाठवलं असतंस तरी पोचलं असतं."

"हो," मी म्हटलं. मग म्हटलं, "तुम्हीही मला पाठवू शकता."

"हं." ते फाटकाबाहेर आले. "नापास म्हणजे किती नापास?"

"थोडक्यात."

"मग काय. तुझी आई गाडी शिकताना दोनदा नापास झाली होती. थोडक्यात नाही, चांगली सणसणीत."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं की आईनं आयुष्यातलं सगळं सांगून टाकलेलं आहे, बरंचसं दोनदोनदा.

"कुणाला सांगू नका म्हणून शपथ घातली होती," बाबा म्हणाले. "परीक्षा घेणारा साहेब शेजारी बसायचा आणि ही त्याच्याशी बोलत बसायची. त्याची बायको, मुलं, गुडघेदुखी. त्याच्या तोंडाकडे बघून बोलायची. गाडी सरळ फुटपाथवर. तो म्हणाला, बाई, रस्त्याकडे बघा, माझ्याकडे काय आहे? दुसऱ्या वेळीही तोच साहेब. हिनं विचारलं, गुडघा कसा आहे? झालं."

"मग तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा मी युक्ती काढली. म्हटलं, गाडीत बसायच्या आधी तोंडात पाणी भरून घे. गुळणी धरल्यासारखं. बोलताच येणार नाही." बाबा चालता चालता थांबले. त्यांनी गाल फुगवून, डोळे वटारून दोन्ही हातांनी हवेत चाक धरलं. रस्त्यावरून जाणारी एक बाई वळून बघायला लागली, तरी त्यांनी चाक सोडलं नाही. "अशी. अशी गेली अख्खा रस्ता. वळणं, चढ, मागे घेणं, सगळं बिनचूक. मी फाटकाशी उभा, माझाच जीव वर-खाली. गाडी आणून लावली. साहेब उतरला, म्हणाला, अभिनंदन बाई, आज तब्येत बरी नाही का तुमची?"

"आणि?"

"आणि काय, तिला राहवतंय थोडंच? तोंड उघडलं. साहेबाचा अख्खा शर्ट भिजला."

मी हसायला लागलो. मग मला थांबता येईना. बाबा माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. जरा वेळानं रुमाल काढून त्यांनी आधी मला दिला आणि मग परत घेऊन स्वतःचे डोळे पुसले.

"पास केलं का तिला?"

"केलं. म्हणाला, गाडी चांगली चालवता, फक्त एकटीनं चालवा." बाबांनी रुमालाची घडी घातली. "परत कधी आहे तुझी?"

"पुढच्या महिन्यात. अकरा तारीख मिळते का बघतो."

"बघ. उद्यापासून सकाळी ते पुस्तक मला देत जा. मला कळणार नाही. अक्षरं लावून बघीन."